पंधरा मिनिटांत बरं वाटलं, तरी आजच हॉस्पिटल गाठा

प्रश्न, थोडक्यात: सासरे ६७ वर्षांचे. आम्ही सिंहगड रस्त्याला राहतो. परवा सकाळी चहा घेताना त्यांच्या उजव्या हातातून कप निसटला, पंधरा-एक मिनिटं जीभ जड झाली, शब्द नीट उमटेनात. मग आपोआप सगळं पूर्ववत. घरचे म्हणतात, रात्री झोप झाली नव्हती, पित्त झालं असेल. बीपीची गोळी चालू आहे, पण अधूनमधून चुकते. हा पॅरालिसिसचा प्रकार असेल का? पुन्हा झालं तर ओळखायचं कसं आणि पुण्यात नेमकं काय करायचं? ते रोज पहाटे एकटे पर्वतीला जातात, जाऊ द्यावं का?

उत्तर:

तुमच्या प्रश्नातला ‘परवा’ हा शब्द वाचला आणि हातातलं काम बाजूला ठेवून लिहायला बसलो. माझं बाकीचं उत्तर सावकाश वाचा. आधी त्यांना आजच्या आज, न्यूरॉलॉजिस्ट आणि स्कॅनची सोय असलेल्या हॉस्पिटलच्या इमर्जन्सीत घेऊन जा. पुढच्या आठवड्याची ओपीडीची वेळ घेऊ नका. ‘आता तर चांगले चालताबोलताहेत’ म्हणून थांबू नका.

तुम्ही जे लिहिलंय त्यावरून हा टीआयए, म्हणजे मेंदूचा तात्पुरता झटका, असण्याची दाट शक्यता आहे. मेंदूकडे जाणाऱ्या एखाद्या रक्तवाहिनीत रक्ताची गुठळी अडकते, तेवढ्या भागाचं काम थांबतं, आणि मग गुठळी विरघळते किंवा पुढे सरकते. रक्त पुन्हा वाहू लागतं आणि माणूस होता तसा होतो. घरात हायसं वाटतं, आणि नेमका इथेच घात होतो. गुठळी एकदा जिथून आली, ती जागा अजून तशीच आहे. मानेतल्या धमनीतला चरबीचा थर असेल, हृदयाचे अनियमित ठोके असतील, दुसरं काही असेल. तातडीने उपचार झाले नाहीत तर अशा रुग्णांपैकी सुमारे दहा टक्क्यांना पुढच्या तीन महिन्यांत खरा झटका येतो, असं जुन्या अभ्यासांत दिसलं होतं, आणि त्यातले निम्मे झटके पहिल्या ४८ तासांत आले होते. उलट बाजूही सांगतो. ऑक्सफर्डमध्ये झालेला एक अभ्यास २००७ साली प्रसिद्ध झाला. त्यात टीआयएच्या रुग्णांची तपासणी आणि औषधं लगेच सुरू केल्यावर हा धोका सुमारे ८० टक्क्यांनी कमी झाला. टीआयए म्हणजे मेंदूने आधी पाठवलेली नोटीस. अशी नोटीस सगळ्यांना मिळत नाही, बहुतेकांना पहिलाच झटका पूर्ण येतो. तुमच्या सासऱ्यांना ती मिळाली आहे.

आता पुन्हा झालं तर ओळखायचं कसं, याबद्दल.

आपल्याकडे याला लकवा म्हणतात, अर्धांगवायू म्हणतात, गावाकडे ‘अंगावरून वारं गेलं’ म्हणतात. या नावांमुळे लोकांचं लक्ष हातापायाकडे जातं. डोळ्यांना लुळा हात दिसतो, मग घरचे तो हात चोळत बसतात, तेल गरम करतात. बिघाड हातात नसतो, मेंदूत असतो. जसा हृदयविकाराचा झटका, तसाच हा मेंदूचा झटका. छातीत कळ आली की आपण सगळे धावतो. इथे मात्र बहुतेक वेळा काही दुखतच नाही, म्हणून कुणी धावत नाही.

तीन गोष्टी घरच्या घरी, अर्ध्या मिनिटात तपासता येतात. तुम्हाला जमल्या पाहिजेत, आणि घरात कामाला येणाऱ्या मावशींनाही, कारण दुपारी घरी बहुतेक वेळा त्याच असतात.

पहिली गोष्ट चेहरा. ‘हसा’ म्हणून चालत नाही, घाबरलेला माणूस हसत नाही. ‘दात दाखवा’ म्हणा. एका बाजूचा ओठ वर जाणार नाही, नाकाजवळची घडी पुसट दिसेल, तोंड चांगल्या बाजूला ओढलं जाईल. एक बारकावा असा, की कपाळासकट अख्खी एक बाजू लुळी पडली असेल आणि तो डोळाही मिटत नसेल, तर तो बहुधा चेहऱ्याच्या नसेचा विकार असतो. मेंदूच्या झटक्यात कपाळाला सहसा आठ्या घालता येतात. पण हा फरक घरी बसून ठरवत बसू नका. ते काम आमचं.

दुसरी गोष्ट हात. दोन्ही हात समोर सरळ, तळवे वर, पसायदान मागताना धरतो तसे. डोळे मिटायला सांगा आणि मनात दहापर्यंत मोजा. लुळा हात धाडकन पडतोच असं नाही. पुष्कळदा तो हळूच खाली सरकतो, आणि सरकता सरकता तळवा आतल्या बाजूला वळतो. रुग्णाला स्वतःला ते कळत नाही, कारण डोळे मिटलेले असतात. तुमच्या सासऱ्यांचा कप ज्या हातातून निसटला, तो हात त्या पंधरा मिनिटांत असाच वागला असता.

तिसरी गोष्ट बोलणं. ‘आज कोणता वार आहे, सकाळी काय खाल्लं?’ असं साधं विचारा. ‘कच्चा पापड, पक्का पापड’ म्हणायला लावू नका, त्यात धडधाकट माणूसही अडखळतो. बोलण्याचा बिघाड दोन तऱ्हांचा असतो. एकात जीभ जड होते, शब्द बरोबर असतात पण उच्चार दारू प्यायल्यासारखा होतो. दुसरा प्रकार जास्त फसवा. उच्चार स्वच्छ, पण शब्दच चुकतात. चष्मा मागायचा असतो आणि ‘चमचा दे, चमचा’ म्हणतात. किंवा तुम्ही काय म्हणताय तेच त्यांना उमगत नाही, आणि ते भलतीच उत्तरं देतात. अशा रुग्णांना घरचे ‘डोक्यावर परिणाम झाला’, ‘बाहेरचं काहीतरी आहे’ असं समजतात. अचानक आलेला असा गोंधळ म्हणजे भाषेचं केंद्र असलेल्या भागाचा झटका असू शकतो, हे पक्कं लक्षात ठेवा.

या तिन्हींत न बसणारेही झटके असतात. मेंदूच्या मागच्या भागात अडथळा आला तर हातपाय धडधाकट असतात, पण एकदम गरगरतं, उलट्या होतात, एकाच्या दोन वस्तू दिसतात, उभं केलं की माणूस एका बाजूला कोसळतो. याला पित्त, अशक्तपणा, मानेचा स्पाँडिलायटिस अशी नावं देऊन आपण मोकळे होतो. नुसती चक्कर वेगळी. चक्करेबरोबर चालता येत नसेल, गिळताना ठसका लागत असेल किंवा दुहेरी दिसत असेल तर ती इमर्जन्सी समजा. एका डोळ्यापुढे पडदा आल्यासारखा अंधार होणं, दोन्ही डोळ्यांनी एका बाजूचं अर्धं न दिसणं, आयुष्यात कधी दुखलं नाही असं डोकं क्षणात दुखू लागणं, हीही लक्षणं त्यातलीच. या सगळ्यांत समान काय, तर अचानकपणा. आठवडाभर हळूहळू वाढलेला त्रास वेगळा, आणि ‘आत्ता पाच मिनिटांपूर्वी ठीक होते’ हे वेगळं.

आणखी एक गोष्ट, जी मी माझ्या रुग्णांच्या घरच्यांना आवर्जून सांगतो: रुग्णाच्या ‘मला काही झालेलं नाही’ यावर विश्वास ठेवू नका. मेंदूच्या उजव्या बाजूला झटका आला की डावी बाजू लुळी पडते, आणि पुष्कळदा ती लुळी पडल्याची जाणीवही त्याबरोबर जाते. एक निवृत्त गृहस्थ आमच्याकडे आले होते. डावा हात पलंगावर निपचित पडलेला. मी तो उचलून त्यांच्या डोळ्यांसमोर धरला आणि विचारलं, हा हात कुणाचा? त्यांनी शांतपणे सांगितलं, ‘तुमचाच असेल.’ घरी त्यांनी मुलाला दोन तास हेच सांगितलं होतं की मी ठणठणीत आहे, उगाच हॉस्पिटलचा खर्च नको. मुलाने वडिलांचा शब्द मोडला नाही. वडिलांचा शब्द न मोडण्याचे आपले संस्कार मला माहीत आहेत, मीही त्यातच वाढलो. पण या एका आजारात निर्णय रुग्णाने घ्यायचा नाही. तो तुम्ही घ्यायचा.

घाई कशासाठी, तेही सांगतो. मोठी रक्तवाहिनी बंद झाली की दर मिनिटाला सरासरी १९ लाख मेंदूपेशी मरतात, आणि त्या पुन्हा तयार होत नाहीत. पण बंद पडलेला सगळा भाग एकदम मरत नाही. मधला गाभा लवकर जातो, भोवतालचा भाग आजूबाजूच्या बारीक वाहिन्यांतून येणाऱ्या तुटपुंज्या रक्तावर काही तास तग धरतो. दुष्काळात टँकरवर जगणाऱ्या गावासारखी त्याची अवस्था असते. आमचं सगळं काम त्या भागासाठी चालतं. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन सुरुवातीपासून साडेचार तासांच्या आत देता येतं. १९९५ मध्ये त्याचा उपयोग सिद्ध झाला तेव्हा ही मुदत तीन तासांची होती, २००८ मधल्या अभ्यासानंतर ती वाढली. मात्र साडेचार तास म्हणजे ‘अजून वेळ आहे’ असं मुळीच नाही. पहिल्या दीड तासात इंजेक्शन मिळालं तर साधारण दर पाच रुग्णांमागे एक जास्तीचा रुग्ण जवळपास पूर्ण बरा होतो. तीन ते साडेचार तासांच्या टप्प्यात हेच प्रमाण चौदा-पंधरांमागे एक इतकं खाली येतं. औषध तेच, डॉक्टर तेच.

पुण्यात इतकी वर्षं काम करून माझी खात्री झाली आहे की हा वेळ लोकांना वाटतो तसा ट्रॅफिकमध्ये जात नाही. तो घरात जातो. तेही निष्काळजीपणाने नव्हे, मायेने जातो. ‘थोडं पडू दे, बरं वाटेल.’ ‘लिंबूपाणी दे.’ ‘थोरल्याला फोन लाव, तो आला की ठरवू.’ ‘एवढ्या रात्री कुणाला उठवायचं?’

माझ्या सख्ख्या आत्याच्या बाबतीत हेच झालं. रात्री आठच्या सुमाराला पोळ्या लाटताना तिच्या हातातलं लाटणं ओट्यावर पडलं, शब्द ओढल्यासारखे येऊ लागले. दिवसभर एकादशीचा उपास होता, तेव्हा सगळ्यांना वाटलं, अशक्तपणा आला. दूध देऊन झोपवलं. सकाळी उजवं अंग पूर्ण गेलेलं होतं. जवळच्या एका छोट्या हॉस्पिटलात नेलं, तिथे सलाइन लावलं आणि ‘दुपारी स्कॅन करू’ म्हणाले. मला फोन आला तो सकाळी अकरा वाजता. ‘तू दमून आला असशील, म्हणून रात्री उठवलं नाही,’ असं आतेभाऊ म्हणाला. मी त्याच गावात होतो, वीस मिनिटांच्या अंतरावर. आत्या त्यानंतर चार वर्षं जगली. नजरेने सगळं बोलायची, तोंडून मात्र तिला दोनच शब्द यायचे. ‘रात्री आणलं असतं तर?’ असं आतेभावाने मला एकदाच विचारलं. मी त्याला म्हटलं, तुला माहीत नव्हतं. ते खरंच होतं, त्याला कुणी कधी सांगितलंच नव्हतं. मी डॉक्टर असून माझ्याच माणसांना सांगितलं नव्हतं. तेव्हापासून मी प्रत्येक रुग्णाच्या नातेवाइकाला हे सांगतो, आणि आज तुम्हाला इतकं लांबलचक लिहितोय ते त्यामुळेच.

दुसरी आठवण मार्केट यार्डातली. भुसार विभागात काटा करताना एका हमालाच्या हातून पोतं सुटलं आणि तो एका पायावर कलला. बरोबरच्या माणसाचं शिक्षण चौथीपर्यंतच झालेलं होतं. पण त्याने त्याला पोत्यांना टेकवून बसवलं, घड्याळ पाहिलं, आणि उभ्या टेंपोतून थेट आमच्याकडे आणलं. दारातच त्याने सांगितलं, ‘सहा वाजून दहा मिनिटांनी झालं, सहाला मी याच्याबरोबर चहा प्यायलो, तेव्हा चांगला होता.’ मी कितीतरी उच्चशिक्षित नातेवाइकांकडून इतकी नेमकी माहिती ऐकलेली नाही. सात वाजायच्या आत त्याला इंजेक्शन सुरू झालं. दुपारी तो हात डोक्यापर्यंत नेत होता. प्रत्येकाचं असं होत नाही, पण त्याचं झालं, आणि त्यात माझ्याइतकाच त्या दुसऱ्या हमालाचा वाटा होता.

म्हणून लक्षण दिसताच पहिलं काम म्हणजे घड्याळ बघणं. रुग्ण शेवटचा पूर्ण ठीक कधी होता, तेवढं आम्हाला लागतं. सकाळी उठल्यावर लक्षात आलं असेल तर वेळ जाग आल्याची धरत नाहीत, रात्री झोपताना ठीक होता तेव्हाची धरतात. मध्यरात्री बाथरूमला जाऊन नीट परत आला होता का, हे आठवून सांगा, त्याने चित्र बदलू शकतं. झोपेतच झटका आला असला तरी निराश होऊन बसू नका. एमआरआय करून काही रुग्णांना तेव्हाही उपचार देता येतात.

आता काय करू नये ते सांगतो, कारण हे सगळं मी दर महिन्याला पाहतो.

पाणी पाजू नका. आपल्याकडे कुणाला काही झालं की आधी पाणी पुढे करतात, त्यामागचा जिव्हाळा मला कळतो. पण झटक्यात गिळण्याचे स्नायूही पुष्कळदा लुळे पडलेले असतात. पाणी, चहा, साखरेचा घास, तोंडावाटे दिलेली गोळी, हे सगळं श्वासनलिकेत जाऊ शकतं आणि चौथ्या दिवशी न्यूमोनियाने माणूस जातो. मधुमेह असेल आणि घरी ग्लुकोमीटर असेल तर बोटाच्या थेंबावर शुगर जरूर तपासा. शुगर एकदम उतरली तरी हुबेहूब असाच झटका दिसतो. पण मशीन शोधण्यात पाच मिनिटं घालवू नका, आम्ही दारातच तपासतो.

ॲस्पिरिन देऊ नका. हार्ट अटॅकच्या माहितीवरून लोकांनी हे डोक्यात घेतलं आहे. आपल्याकडे पाचांपैकी साधारण चार झटके गुठळीचे असतात, पण पाचवा रक्तस्रावाचा असतो. बाहेरून दोन्ही सारखेच दिसतात. सीटी स्कॅनशिवाय मलाही ओळखता येत नाही, तर घरी कसं ओळखणार? रक्तस्राव असेल तर ॲस्पिरिनने तो वाढू शकतो.

बीपी वाढलेलं दिसलं म्हणून जादा गोळी देऊ नका, जिभेखाली तर काहीच ठेवू नका. त्या वेळी वाढलेलं बीपी म्हणजे पुष्कळदा अडथळ्यापलीकडे रक्त पोचवण्याची शरीराची धडपड असते. ते एकदम खाली आणलं तर टँकरवर जगणाऱ्या त्या भागाचं पाणीच तोडल्यासारखं होतं.

मोबाइलवर फिरणारा तो मेसेज, दहाही बोटांना सुई टोचून रक्त काढा म्हणजे झटका थांबतो, साफ खोटा आहे. कांदा हुंगवणं, कबुतराचं रक्त चोळणं, अमुक गावाला लकव्याचं औषध मिळतं म्हणून गाडी काढणं, यातल्या कशानेही बंद रक्तवाहिनी उघडत नाही. श्रद्धेचं जे काही असेल ते नंतर करा, मी कधी कुणाला अडवलेलं नाही. पहिले तास मात्र आम्हाला द्या.

आता पुण्यातल्या जाण्या-येण्याबद्दल. १०८ ची ॲम्ब्युलन्स मोफत आहे, ११२ वरूनही मदत मिळते. फोनवर ‘पेशंट सीरियस आहे’ एवढंच म्हणू नका. ‘पॅरालिसिसचा झटका आलाय, दहा मिनिटं झाली’ असं सांगा, आणि पत्ता सांगताना जवळची ठळक खूण द्या. रुग्ण बेशुद्ध असेल, उलट्या होत असतील, घरघर लागली असेल तर ॲम्ब्युलन्सच हवी, आणि ती येईपर्यंत त्याला कुशीवर वळवून ठेवा. शुद्धीवर असेल आणि सोसायटीत कुणाची गाडी तयार असेल तर ती घ्या, त्यातही मागच्या सीटवर त्याच्या शेजारी एक माणूस हवाच. दुचाकीवर मात्र नेऊ नका. दोघांच्या मध्ये बसवून आणलेले रुग्ण मी पाहिलेत. लुळ्या बाजूला तोल जातो आणि झटक्यावर डोक्याची जखम होते. मग गुठळीचं इंजेक्शनही देता येत नाही.

पेठेतल्या जुन्या वाड्याचा अरुंद जिना असेल किंवा लिफ्ट बंद असेल, तर हात असलेली खुर्ची घ्या, रुग्णाला तिच्यात ओढणीने किंवा पंचाने सैलसर बांधा, आणि दोघांनी मिळून खुर्चीच उतरवा. लुळा हात धरून ओढू नका, खांदा निखळतो. गणपतीच्या दिवसांत मध्यवस्तीत राहणाऱ्यांनी बंद रस्ते आधीच बघून ठेवावेत. तरी ॲम्ब्युलन्स आली की लक्ष्मी रस्त्यावरची मिरवणूकसुद्धा दुभंगते, हे आपण सगळ्यांनी पाहिलंय, तेव्हा गर्दीला घाबरून घरी थांबू नका.

सगळ्यांत मोठी चूक म्हणजे जवळच्या कुठल्याही हॉस्पिटलात जाणं. जवळचं आणि योग्य यात फरक आहे. आज संध्याकाळी, रुग्ण ठीक असताना, तुमच्या भागातल्या दोन-तीन मोठ्या हॉस्पिटलांना फोन करून विचारून ठेवा: सीटी स्कॅन रात्री तीन वाजताही चालू असतो का? गुठळीचं इंजेक्शन तुमच्याकडे तयार असतं का? न्यूरॉलॉजिस्ट बोलावल्यावर येतात का? तारेने गुठळी बाहेर काढण्याची सोय आहे का? पहिल्या तिन्हींना ‘हो’ आलं तर ते नाव आणि इमर्जन्सीचा नंबर फ्रिजवर चिकटवा. मुळशी, भोर, राजगड, जुन्नरकडच्या लोकांना माझं सांगणं थोडं वेगळं आहे. वाटेत सीटी आणि इंजेक्शनची सोय असेल तर तिथे इंजेक्शन सुरू करून मग पुण्याकडे निघा. नसेल तर मध्ये कुठेही सलाइनसाठी थांबू नका.

निघताना बरोबर काय न्यायचं? औषधांच्या पट्ट्या, जुनी फाइल, आणि ज्याने झटका येताना पाहिलं ते माणूस. हे तिसरं बहुतेक वेळा घरीच राहतं. पाहिलेलं असतं आजींनी किंवा मावशींनी, आणि हॉस्पिटलात येतो ऑफिसातून धावत आलेला मुलगा, ज्याला काहीच माहीत नसतं. आजींना येणं शक्य नसेल तर त्यांना फोनवर तयार ठेवा. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर ते न विचारता सांगा, इंजेक्शन द्यायचं की नाही ते त्यावर ठरतं.

तिथे पोचल्यावर ‘स्ट्रोक’ हा शब्द वापरा. लगेच शुगर, बीपी आणि सीटी होईल. सीटीत रक्तस्राव दिसला तर उपचाराची दिशा वेगळी. गुठळी असेल तर पहिल्या काही तासांत सीटी बहुधा नॉर्मलच दिसतो. हे नीट समजून घ्या, कारण ‘रिपोर्ट नॉर्मल आहे’ ऐकून रुग्णाला घरी नेलेलं मी पाहिलंय. हात लुळा आणि सीटी नॉर्मल, याचा अर्थ बहुतेक वेळा गुठळी आहे आणि मेंदू अजून वाचवता येईल, असा होतो. मग डॉक्टर इंजेक्शनसाठी संमती मागतील. साधारण शंभरातल्या सहा जणांना त्या इंजेक्शनने मेंदूत त्रासदायक रक्तस्राव होऊ शकतो, ते तुमच्यापासून कुणी लपवणार नाही. तरीही योग्य रुग्णात फायद्याचं पारडं जड आहे, म्हणून तर ते देतात. ‘नगरहून काका निघालेत, ते आले की सही करतो’ यात दीड तास जातो. घरात आजच ठरवून ठेवा की सही कोण करणार. मोठी वाहिनी बंद असेल तर मांडीतून तार घालून गुठळी खेचून काढतात. ही पद्धत २०१५ मध्ये पक्की झाली, सहसा पहिल्या सहा तासांत करतात. २०१८ नंतर निवडक रुग्णांमध्ये, स्कॅनवर वाचण्याजोगा मेंदू दिसला तर, २४ तासांपर्यंतही करतात. म्हणजे उशीर झाला म्हणून घरी बसायचं कारण तिथेही उरत नाही.

तुमच्या सासऱ्यांकडे परत येतो. आज त्यांचा एमआरआय, मानेच्या रक्तवाहिन्यांची तपासणी, ईसीजी, हृदयाची सोनोग्राफी, साखर आणि कोलेस्टेरॉल होईल. स्कॅन पाहून रक्त पातळ राहण्याच्या गोळ्या सुरू होतील. त्या दाताच्या डॉक्टरांनी सांगितलं म्हणूनसुद्धा आम्हाला विचारल्याशिवाय बंद करायच्या नाहीत. बीपीची गोळी चुकते, हे तुम्ही सहज लिहिलंत, पण माझ्या दृष्टीने तुमच्या प्रश्नातली दुसरी सर्वांत गंभीर गोष्ट तीच आहे. झटक्याचं सर्वांत मोठं कारण बीपी आहे, आणि ते बहुतेकांना जाणवत नाही. आठवड्याच्या खणांची डबी आणा, चहाच्या डब्याशेजारी ठेवा. ते तंबाखू खात असतील किंवा सासूबाई मिश्री लावत असतील तर तेही आजच डॉक्टरांना सांगा.

पर्वती. तपासण्या पूर्ण होऊन डॉक्टर हो म्हणेपर्यंत एकट्याने नको, पहाटेच्या अंधारात तर नकोच. एरवी पायऱ्या चढणं त्यांच्यासाठी चांगलंच आहे, मी ते बंद करायला सांगणार नाही. पुढे सुरू कराल तेव्हा उजाडल्यावर जाऊ द्या, बरोबर कुणीतरी असू द्या, आणि खिशात एक चिठ्ठी ठेवा: नाव, तुमचा मोबाइल नंबर, चालू गोळ्या, आणि फ्रिजवर लावलेल्या हॉस्पिटलचं नाव. त्यांच्या रोजच्या सोबत्यांनाही हात पुढे धरून दहापर्यंत मोजायची ती तपासणी शिकवून ठेवा.